एका तासाचा नियम आणि न संपणाऱ्या क्वेरी

छातीत कळ आलेल्या माणसाला आयसीयूत घेताना विमा कंपनी सहसा आडवी येत नाही. तिचा खरा चिवटपणा सुरू होतो तो माणूस वाचल्यावर. माझ्या वडिलांसाठी आधी मंजूर झालेली रक्कम संपत आली आणि डॉक्टरांनी त्यांना आयसीयूतून वॉर्डात हलवून आणखी काही दिवस ठेवायचे ठरवले, तेव्हा रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या खिडकीवरून, एन्हान्समेंटची, म्हणजे मंजूर रक्कम वाढवून देण्याची, विनंती गेली. उत्तर आले, की रुग्णाची प्रकृती स्थिर असल्याने त्यांना दाखल ठेवण्याची वैद्यकीय गरज स्पष्ट करावी. जी प्रकृती औषधे, मॉनिटर आणि चोवीस तासांची देखरेख यांच्या जोरावर स्थिर आहे, तिचाच दाखला देऊन ती देखरेख काढून घ्या असे सुचवायचे, हा निव्वळ कोडगेपणा आहे.

विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने परस्पर रुग्णालयाला द्यावे अशा, विनंतीवर एका तासाच्या आत निर्णय द्यायचा असतो. डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी आणि त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची असते. दावा नाकारायचा झाला तर तोही कंपनीच्या समितीपुढे न्यावा लागतो. नियम इतका स्वच्छ आहे, की त्यातून पळवाट काढायला हुशारी लागते, आणि ती या मंडळींकडे भरपूर आहे: ती नकार देतच नाहीत, क्वेरी, म्हणजे आणखी माहितीची किंवा कागदांची विचारणा, पाठवतात. क्वेरी गेली की कंपनीच्या लेखी विलंब तिचा राहत नाही, तो रुग्णालयाचा किंवा आपला होतो.

क्वेरींचा दर्जा तरी पाहावा. पहिल्या ईसीजीची प्रत द्या, असे विचारले, जी मूळ अर्जालाच जोडलेली होती. मग मधुमेह नेमका किती वर्षांपासून आहे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे, असे आले. डॉक्टर त्या वेळी कॅथलॅबमध्ये दुसऱ्या कोणाचा जीव वाचवत होते आणि मी दाराबाहेर कोरे लेटरहेड हातात धरून उभा होतो. कहर म्हणजे पुढच्या क्वेरीत ‘केवळ तपासणी व मूल्यमापनासाठी दाखल’ हे पॉलिसीतले अपवादाचे कलम पुढे केले होते. आयसीयूतून बाहेर आलेला माणूस हौसेने तपासण्या करून घ्यायला आला आहे, असा अर्थ ज्याला काढता येतो, त्याने केसपेपर उघडलासुद्धा नसावा.

टीपीए डेस्कच्या काचेपलीकडच्या मुलीवर चिडून उपयोग नव्हता. ‘साहेब, पोर्टलवर अजून पेंडिंगच दिसतंय,’ हे वाक्य ती प्रत्येक नातेवाइकाला त्याच सुरात सांगत होती. रुग्णालयही काही धुतल्या तांदळाचे नाही. डिस्चार्जचा कागद सकाळी तयार झाला, सलाइनची सुई निघाली, वडील घरचे कपडे घालून खाटेच्या कडेला बसून राहिले आणि मंजुरी अंधार पडल्यावर आली, तरी खाटेचे जादा भाडे आमच्याच बिलात चढले. हातमोजे आणि सिरिंजचे पैसे वेगळेच. तीन तासांच्या नियमाची आठवण करून दिल्यावर कंपनी आणि रुग्णालय या दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले.

कंपनीच्या तक्रार विभागाने समाधान केले नाही किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. तिथवर जायची माझी तयारी आहे. कंपनीकडे दिलेल्या तक्रारीत खाटेच्या जादा भाड्याशिवाय मी आणखी एक मागणी केली आहे: आम्हाला आलेल्या प्रत्येक क्वेरीखाली नुसते ‘वैद्यकीय पथक’ असे लिहिलेले आहे, तेव्हा वडिलांना न पाहता त्यांना वॉर्डात राहण्याची गरज आहे का, असा प्रश्न ज्या डॉक्टरने उपस्थित केला, त्याचे नाव आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मला लेखी द्यावा.