'तोफखाना' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

तोफखाना साहेब, नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या सातव्या पांझर (म्हणजे रणगाडा) डिव्हिजनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा रात्री अकराला, म्हणून उत्तर टाळलं. सकाळी चहा घेता घेता पुन्हा वाचलं, तर तितकंच झोंबलं. तुमचं टोपणनाव बघून आधी वाटलं, आमच्या नगरच्या तोफखाना भागातलेच कोणी असाल. पण तिथली माणसं तोंडावर बोलतात.

आधी तुमचं बरोबर आहे ते. डिव्हिजन १९४० मध्ये उभी राहिली असं मी लिहिलं होतं. चूक. दुसऱ्या लाइट डिव्हिजनमधून ती ऑक्टोबर १९३९ मध्येच तयार झाली होती. जर्मन सेनापती रोमेल तिचा प्रमुख झाला तो फेब्रुवारी १९४० मध्ये, आणि माझ्या डोक्यात तेच साल बसलेलं. दुरुस्त केलं. आभारी आहे.

आता तुमचं ते वाक्य. 'लेखकमहाशयांनी रणगाडा बहुधा चित्रातच पाहिला असावा.'

साहेब, माझे वडील नगरला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. बत्तीस वर्षं. त्यांच्या शर्टाला ग्रीसचा असा वास असायचा की आई तो बाकीच्या कपड्यांत भिजवू द्यायची नाही. इतर पोरं बाराखडी शिकत होती तेव्हा मला ट्रॅकची पिन कशी ठोकून काढतात ते माहीत होतं. आणि नगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा (इंग्रजांचा त्या युद्धातला रणगाडा) उभी आहे, तिच्या अंगाला मी हात लावून आलोय. (हात लावू नका म्हणून पाटी होती. लावला.)

मटिल्डा दोनचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर. चार बोटं आडवी धरा, तेवढं जाड पोलाद. २१ मे १९४० ला फ्रान्समध्ये अरासजवळ इंग्रजांचे ७४ रणगाडे रोमेलच्या अंगावर आले. त्यातले ५८ मटिल्डा एक, ज्यांवर नुसती मशिनगन, आणि मटिल्डा दोन फक्त १६. तरी जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफांचे गोळे त्यांच्यावर आपटून उडत होते. त्या तोफेला जर्मन सैनिकच पुढे 'दार ठोठावणारी' म्हणायला लागले. रोमेलशेजारी उभा असलेला त्याचा सहायक मारला गेला, आणि खुद्द रोमेलला वाटलं की समोर पाच डिव्हिजन आहेत! शेवटी विमानविरोधी ८८ मिलिमीटर तोफा आडव्या करून मारा केला तेव्हा कुठे जमलं. तसली ८८ सुद्धा नगरच्याच आवारात आहे. हे सगळं मी चित्रात पाहिलं म्हणता?

१०५ मिलिमीटरच्या मैदानी तोफांचाही त्यात वाटा होता, हे तुम्ही ठासून सांगितलंत. होता. मी नाही कुठे म्हटलं? एखादी गोष्ट न लिहिणं आणि ती नाकारणं यात फरक असतो, हे तुमच्या वयाच्या माणसाला (वय माहीत नाही, मी एकसष्टचा) सांगायला नको.

'पूर्व आघाडी, म्हणजे रशिया, कुठे गेली?' हा तुमचा पुढचा प्रश्न. लेख फ्रान्समधल्या सहा आठवड्यांचा होता. म्यूझ नदी ओलांडण्यापासून सुरू होतो आणि १९ जूनला शेरबुर बंदर पडलं तिथे संपतो. नोव्हेंबर १९४१ मध्ये याच डिव्हिजनने घेतलेला मॉस्कोजवळचा याख्रोमाचा पूल मलाही ठाऊक आहे, पण सगळंच एका लेखात कोंबायचं का?

राहिली एरेन आणि केन्वा ही फ्रान्समधली गावं. जून १९४० मध्ये त्या भागात शरण आलेल्या, फ्रेंच फौजेतल्या आफ्रिकी सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या, ते का गाळलं, असं विचारता. घडलं ते, मान्य. तिथे मारले गेलेले कॅप्टन शार्ल न्चोरेरे यांचं नाव मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलेलं नाही. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, मी डावपेचांवर लिहीत होतो. आणि रोमेलच्या वेगाचं कौतुक केलं म्हणून मला नाझींच्या ओळीत नेऊन बसवायचं, ही कुठली पद्धत? तुमचं ते वाक्य तेवढं मागे घ्या.

'अभ्यास वाढवा' म्हणालात. वाढवतो. तुम्ही कधी नगरला आलात तर मटिल्डा दाखवतो, तिकीट माझ्याकडून. यायच्या आधी कळवा मात्र, आणि खऱ्या नावाने कळवा.