कौलाखालचा कॉम्प्युटर

आमच्या वाडीत कॉम्प्युटर बंद पडला की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात आणि मग मला बोलावतात. खर्च दोन्हीकडे सारखाच, एक नारळ. त्यातला देवाचा लगेच फोडला जातो. माझा मात्र "पुढच्या टायमाक देतंय हां" म्हणून वर्षानुवर्षं झाडावरच राहतो.

मी इंजिनिअर वगैरे काही नाही. देवगड तालुक्यात थोडी हापूसची कलमं आहेत, जोडीला हिशेब लिहायची नोकरी. पण कधीकाळी एमएस-सीआयटीचा कोर्स केला होता आणि आईने ते सर्टिफिकेट फ्रेम करून पडवीत लावलं, जिथे येणारा-जाणारा चपला काढता काढता ते वाचतो. तेव्हापासून 'ह्येका कॉम्प्युटरातला कळता' ही बातमी पक्की झाली. ती खोडून काढायची म्हणजे फ्रेम उतरवावी लागेल, आणि ते आईसमोर शक्य नाही.

कॉम्प्युटर कसा सांभाळावा याबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात, ते सगळे कोरड्या हवेतल्या माणसांनी लिहिलेले असावेत असा माझा संशय आहे. व्हायरसपासून सावध राहा म्हणतात. अहो, व्हायरस यायला आधी रेंज यावी लागते. आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी मुंगी येते. मागून पाल येते. आणि खारा वारा तर आलेलाच असतो, त्याला कोणी 'ये' म्हणावं लागत नाही.

शेजारच्या काकींचंच घ्या. काकी घरून आंबे, कोकम सरबत, फणसाची साटं विकतात, आणि गिऱ्हाइकांची यादी कॉम्प्युटरवर ठेवतात. पावसाळ्यात महिनाभर मशीन बंद होतं. श्रावणात चालू करायला गेल्या तर पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आणि आतून पीं... पीं... पीं.

"रे, ह्यो नुसतो शिट्टी मारता," काकी म्हणाल्या, "तोंड काय दाखवणा नाय."

या शिट्टीवरचं औषध शाळेच्या कंपासपेटीत मिळतं. प्लग काढायचा. प्लग काढल्यावरही चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे आत उरलासुरला करंट असेल तो जातो. डब्याचं एका बाजूचं झाकण उघडायचं. आत एक लांबट हिरवी पट्टी उभी खोचलेली असते, ती रॅम. दोन्ही टोकांच्या चापा बाहेर दाबल्या की ती वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते; दमट, खाऱ्या हवेने त्यावर राप चढतो आणि मशीनला मेमरीच सापडत नाही, म्हणून ते शिट्ट्या मारतं. पांढऱ्या खोडरबराने ते दात हलक्या हाताने पुसायचे, रबराचा चुरा झटकायचा, दातांना बोट न लावता पट्टी पुन्हा जागेवर बसवायची आणि दोन्हीकडून 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायची. काकींच्या नातीच्या दप्तरातला स्ट्रॉबेरीच्या वासाचा रबर मिळाला. मशीन चालू झालं. काकींनी तो रबर तेव्हाच ताब्यात घेतला आणि देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला. नातीला नवा आणून द्यावा लागला.

मग मी सांगितलं, की काकी, पावसाळ्यात रोज थोडा वेळ मशीन चालू करत जा. त्याच्या स्वतःच्या उबेनेच ते सुकतं. आणि ते प्लास्टिकचं कव्हर काढा, आत घाम धरतो. जुन्या लुगड्याचं कापड चालेल, तेही मशीन बंद असताना. टेबलाच्या पायांभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ मारा. कीबोर्डवर चहा-बिस्किट... हे वाक्य मी अर्धंच सोडलं, कारण काकींनी माझ्यासमोर ठेवलेली बशी कीबोर्डवरच होती.

तात्यांची तऱ्हा वेगळी. तात्या रिटायर्ड हेडमास्तर, त्यामुळे ते बिघाड सांगत नाहीत, निदान सांगतात. "माझ्यावर सायबर हल्ला झालेला आहे," असा त्यांचा सकाळी सहाला फोन. बँकेची साइट उघडली की 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी येते, बातम्यांची साइट उघडली तरी तेच, पंचांग उघडलं तरी तेच. जाऊन बघतो तर खालच्या कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवर, नाण्याएवढा एक बटन सेल असतो, त्याच्यावर मशीन बंद असतानाही घड्याळ चालतं. तो संपला की मशीन आपल्या जुन्या तारखेत जाऊन बसतं. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. २०१२मध्ये बसलेल्या मशीनला ती मुदत अजून सुरूच व्हायची असते, म्हणून ते ओरडतं. सेलवर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. घड्याळजीकडेही मिळतो. सेल बदलला, तारीख लावली, हल्ला परतवला. तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तक्रार-अर्जाचा मसुदा तयार केला होता, पान दोनपर्यंत.

खरे हल्ले होतात ते वेगळेच, आणि ते फोनवर गोड बोलतात. 'मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क करा' असा मेसेज देशभर फिरला. शहरातली माणसं घाबरून फोन करायची, पलीकडचा माणूस एक ॲप टाकायला लावायचा, त्यातून त्याला यांची स्क्रीन दिसायची आणि खातं साफ. हा मेसेज आमच्या आबांनाही आला. आबांनी शांतपणे फोन लावला आणि विचारलं, "साडेनवाक? म्हणजे आज उशिरान जातली तर!" पलीकडच्याने पुन्हा धमकावून बघितलं. आबा म्हणाले, "ती रोजच जाता रे. तेका पैशे कित्याक देऊ?" भामट्याने फोन ठेवला. कोकणात राहण्याचे काही फायदे आहेत ते असे. पण सगळेच आबा नसतात, म्हणून सांगून ठेवतो: फोनवरून कोणी काहीही टाकायला सांगितलं तर टाकायचं नाही, आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवायचा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढे पळतात.

विजेचा विषय निघालाच आहे तर इन्व्हर्टरबद्दल. लाइट गेली की घरातले दिवे चालू राहतात आणि कॉम्प्युटर मात्र पटकन बंद होऊन पुन्हा चालू होतो, ही तक्रार घरोघरी. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, तो 'यूपीएस मोड'कडे सरकवला की काम भागतं. तो कोणी सरकवत नाही, कारण इन्व्हर्टर भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो आणि पुढ्यात तांदळाची पिंपं. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की मात्र खटके-बिटके विसरून सरळ प्लग उपटायचा, आणि राउटरचाही. विजेला कुठलाच मोड कळत नाही.

आता चाकरमानी. गणपतीला चाकरमानी येतो तेव्हा बॅगेत मिठाई, मुलांना कपडे आणि खिशात पेनड्राइव्ह घेऊन येतो. काकींचा पुतण्या लोअर परेलला कामाला आहे. "काकी, मी सगळं फुल व्हर्जन टाकून देतो," म्हणाला आणि दीड दिवसाच्या गणपतीत त्याने काकींच्या मशीनवर क्रॅक केलेलं ऑफिस, फोटोचं भलंमोठं सॉफ्टवेअर (काकी फोटो काढतात फक्त आंब्याच्या पेटीचे), दोन अँटिव्हायरस आणि एक 'स्पीड बूस्टर' बसवलं. विसर्जन झालं, पुतण्या गेला, आणि मशीन इतकं बूस्ट झालं की चालू व्हायला आरती आटपेपर्यंतचा वेळ घेऊ लागलं.

क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर येणारी सूचनांची फाइल कधी वाचून बघा. पहिलीच ओळ असते, 'अँटिव्हायरस बंद करा.' म्हणजे चोराने आधी चिठ्ठी पाठवायची, की रात्री येतोय, कुत्रा बांधून ठेवा. आणि आम्ही बांधतो! याच्या उलट लिबरऑफिस घ्या. २०१०पासून ते सरळमार्गाने फुकट आहे, काकींची यादी आणि बिलं त्यात आरामात होतात. पण काकी ते बघून म्हणाल्या, "फुकट? मग तेत काय तरी गोम असतली." पाच हजारांची वस्तू चोरून फुकट मिळाली तर ती हुशारी, आणि मुळातच फुकट असलेली घेतली तर ते दळभद्रीपण, अशी आमची एकंदर समजूत आहे. मला वाटतं, या समजुतीने जितके कॉम्प्युटर मेले तितके पावसाने मेले नसतील.

बूस्टर काढला. दोन्ही अँटिव्हायरस काढले. ते एकमेकांवरच पाळत ठेवून दमलेले होते. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती कामाला पुरतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी बघितली आणि मशीनबरोबर उठणाऱ्या आगंतुकांना झोपवलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' म्हणून खूण केली, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळच्या चहाआधीच अपडेट पिऊन टाकतात. फाइलची शेपटी दिसेल अशी सेटिंग केली, म्हणजे 'लग्नपत्रिका डॉट पीडीएफ'च्या पुढे गुपचूप बसलेलं 'डॉट ईएक्सई' दिसतं, म्हणजे ती पत्रिका नसून एक प्रोग्राम आहे हे कळतं. गुंडाळलेल्या फाइली उघडणारं सेव्हन-झिप टाकलं. एवरीथिंग नावाचं एक इवलंसं सॉफ्टवेअर टाकलं. नावाची दोन अक्षरं मारली की फाइल हजर. काकींच्या यादीचं नाव 'नवी यादी खरी शेवटची २' होतं, त्यामुळे त्याची गरज होतीच.

आणि व्हीएलसी, म्हणजे व्हिडिओ दाखवणारा प्लेअर. याच्यावर वाडीचा विश्वास बसला तो दशावतारामुळे. आबांकडे जुन्या नाटकांच्या व्हीसीडी होत्या, जत्रेत कोणी कोणी शूट केलेल्या. नव्या कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेनात, त्यातल्या फाइली 'डॉट डॅट' असल्या अवतारातल्या. व्हीएलसीने एका क्लिकमध्ये उघडल्या. १९९६च्या सुमारास पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी हा उद्योग सुरू केला, २००१पासून तो सर्वांना खुला आहे आणि आजही तो जाहिरातींशिवाय फुकट आहे, हे मी सांगत होतो, पण ऐकायला कोणी नव्हतं. स्क्रीनवर संकासुर आला होता. पडवीत पंधरा माणसं जमली आणि काकी चहाला आत गेल्या. आबांच्या मते मात्र व्हीएलसीच्या चित्रातला तो नारिंगी शंकू म्हणजे रस्त्याचं काम चालू असल्याची खूण आहे आणि हे सॉफ्टवेअर बांधकाम खात्याचं आहे. मी दुरुस्ती केली नाही. त्या व्हीसीडी लगेच हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या, कारण आमच्या हवेत सीडीला बुरशी धरते, खरंच धरते, प्रकाशात धरून बघा.

उतरवून घेण्याची ही घाई मला १६ मे २०२१ने शिकवली. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर गेलं, ऐन आंब्याच्या हंगामात. कौलं उडाली, आणि ज्यांचे कॉम्प्युटर कौलांखाली होते त्यांचे गिऱ्हाइकांचे पत्ते, उधाऱ्या, मुलांचे फोटो सगळे पाण्यात गेले. वर्षभर आधी ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगडकडे हेच केलं होतं. जाणकार सांगतात, तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि एक घराबाहेर. काकींची एक प्रत मशीनमध्ये आहे, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, जी फ्रीफाइलसिंक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने एका बटणात ताजी होते, आणि एक पेनड्राइव्हवर, कोल्हापुरात दिलेल्या मुलीकडे. हार्डडिस्क तांदळाच्या डब्यात ठेवावी ही त्यांची स्वतःची सुधारणा. मी झाकणाची पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या दिल्या. तांदळाचा कणसुद्धा डिस्कच्या भोकात जाऊ शकतो, हे पटायला एक भांडण लागलं.

शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. काकींच्या मशीनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे अकरा नंबरचं विंडोज सरळ मार्गाने बसत नाही. नवं मशीन घ्या म्हटल्यावर त्यांनी मला कोकम सरबताचे भाव ऐकवले. मग मी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चपळ डिस्क, बसवली (खर्च करायचाच तर जुन्या मशीनवर यापेक्षा सार्थकी लागणारा खर्च मला माहीत नाही) आणि तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम चढवली. खाली डावीकडे मेनू, फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसीचा शंकू. काकींना वाटलं मी नुसता रंग दिला.

पुढच्या चतुर्थीला पुतण्या आला. उकडीचे मोदक हाणून झाल्यावर खिशातून पेनड्राइव्ह काढला, "काकी, ह्यावेळी लेटेस्ट आणलंय" म्हणाला आणि मशीनला लावून सेटअपवर डबल क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. मिंटने 'हे कशाने उघडू?' असं काहीतरी विचारलं आणि गप्प बसलं. पुतण्याने पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली, उलटा लावून बघितला, पुन्हा सुलटा लावला. मी मोदकात तोंड घालून बसलो होतो.

"काकी, पेनड्राइव्ह करप्ट झालाय बहुतेक," तो म्हणाला.

काकींनी पदराला हात पुसले आणि देव्हाऱ्याकडे वळल्या. "हाड हडे तो पेनड्राइव्ह. आणि माझो रबर खंय गेलो रे?"