बाकावरच्या गोलरक्षकाला सामने हवेत

अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझचं नाव निघालं की आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते. आर्सेनल या लंडनच्या क्लबच्या बाकावर दहा वर्षं बसला, हार मानली नाही, शेवटी विश्वविजेता झाला. कोल्हापुरात, गोव्यात, मुंबईत मुलांना ही गोष्ट संयमाचा धडा म्हणून ऐकवली जाते. जुलै 2023 मध्ये तो कोलकात्याला येऊन गेला तेव्हाही हेच सूर होते. इथे बर्मिंगहॅममध्ये, ॲस्टन व्हिला क्लबच्या व्हिला पार्क मैदानाच्या शहरात राहून ही चर्चा वाचताना राहून राहून वाटतं की आपण या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा भाग गाळतो आहोत. तो नुसता बसून राहिला असता तर आज त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

मार्टिनेझ मार देल प्लाताचा, जन्म 2 सप्टेंबर 1992. ब्युनोस आयरेसला लागून असलेल्या आवेयानेदातल्या इंडिपेंडिएन्टे क्लबच्या वयोगट संघांमधून तो वर आला. अर्जेंटिनात मोठ्या क्लबचे ‘नोव्हेना’पासून ‘क्वार्ता’पर्यंत सहा वयोगटांचे संघ असतात आणि समोरच्या क्लबच्या त्याच गटाशी ते मोसमभर लीग खेळतात. म्हणजे चौदा वर्षांच्या कीपरलाही नियमित सामना मिळतो. 2010 मध्ये आर्सेनलने त्याला घेतलं तेव्हा इंडिपेंडिएन्टेच्या मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नव्हता, पण गोलपोस्टमध्ये उभं राहण्याची सवय पक्की झालेली होती.

गोलरक्षकाची अडचण इतर खेळाडूंपेक्षा वेगळी असते. राखीव विंगरला शेवटची वीस मिनिटं मिळतात, लाल कार्ड किंवा दुखापतीमुळे जागा रिकामी होते, प्रशिक्षक आलटून पालटून खेळवतो. कीपरची जागा एकच आणि ती सहसा मोसमभर एकाकडेच राहते. दुसरा कीपर सराव करतो, सामन्याआधी पहिल्याला शॉट मारून तयार करतो आणि बाकावर बसतो. सरावात हात चपळ राहतात, निर्णयशक्ती मात्र गंजते. कॉर्नरला पुढे यायचं की रेषेवर थांबायचं, बचावपटूला हाक कधी मारायची, आघाडीवर असताना चेंडू किती वेळ हातात ठेवायचा, हे सरावात शिकता येत नाही. तिथे कुणी अंगावर उडी घेत नाही आणि चूक झाली तर गुण जात नाहीत.

म्हणून आर्सेनलने त्याला लोनवर पाठवलं, म्हणजे करार स्वतःकडे ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला दिलं. मे 2012 मध्ये तो ऑक्सफर्ड युनायटेडला गेला, तोही तातडीच्या लोनवर. इंग्लंडच्या खालच्या लीगांमध्ये एक नियम आहे. क्लबकडे खेळू शकेल असा कीपरच उरला नाही, तर लीगच्या परवानगीने दुसऱ्या क्लबचा कीपर थोड्या दिवसांसाठी आणता येतो. मार्टिनेझ मोसमाचा शेवटचा सामना पोर्ट व्हेलविरुद्ध खेळला आणि ऑक्सफर्ड 0-3 हरलं. नंतर शेफील्ड वेन्सडेकडून लीगचे 11 सामने, रॉदरहॅमकडून 8, वुल्व्ह्जकडून 13, स्पेनमध्ये गेटाफेकडून 5 आणि 2019 मध्ये रीडिंगकडून 18. सगळे मिळून 56. आठ वर्षांत 56 सामने हे कमीच. गेटाफेचा मोसम तर जवळजवळ वाया गेला, कारण तिथेही तो दुसरा कीपरच होता. लोन फसतं ते असं: पाठवणारा क्लब खेळण्याची हमी मागत नाही आणि घेणारा क्लब आपल्या नेहमीच्या कीपरला हलवत नाही. मुलगा एका बाकावरून उठून दुसऱ्यावर बसतो.

रॉदरहॅम आणि रीडिंग मात्र वेगळे होते. तो तिथे पोचला तेव्हा दोन्ही संघ चॅम्पियनशिपमधून, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या विभागातून, खाली घसरण्याच्या काठावर होते. अशा संघाचा कीपर होणं म्हणजे दर शनिवारी परीक्षा: लांब थ्रो, सहा यार्डांच्या चौकटीत सात-आठ जणांची गर्दी, ओल्या मैदानावर उसळणारा चेंडू, आणि एका चुकीमुळे क्लबचं उत्पन्न आणि लोकांच्या नोकऱ्या धोक्यात. दोन्ही वेळा संघ टिकले. माझ्या मते मार्टिनेझ घडला तो इथे. आर्सेनलने स्वतःही त्याला लीग कपमध्ये खेळवलं होतं. ऑक्टोबर 2012 मध्ये रीडिंगविरुद्ध 0-4 पिछाडीवरून आर्सेनल 7-5 जिंकलं, त्या दिवशी गोलमध्ये तोच होता. विसाव्या वर्षी पाच गोल खाल्ल्यावरही पुढचा सामना मिळणार हे ठाऊक असणं, ही त्या व्यवस्थेची देणगी आहे.

20 जून 2020 ला ब्रायटनमध्ये बर्न्ड लेनोच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि मार्टिनेझ पहिल्या सत्रातच मैदानात आला. सहा आठवड्यांत, 1 ऑगस्टला, त्याने चेल्सीविरुद्ध एफए कप जिंकला. लेनो बरा होताच पुन्हा दुसरा कीपर व्हायची त्याची तयारी नव्हती, म्हणून सप्टेंबरमध्ये सुमारे 2 कोटी पौंडांत तो ॲस्टन व्हिलात गेला. पहिल्याच सामन्यात शेफील्ड युनायटेडची पेनल्टी अडवली. त्या मोसमात लीगच्या 38 पैकी 15 सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. अर्जेंटिनाकडून पदार्पण जून 2021 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी. महिन्याभरात कोपा अमेरिकाच्या उपांत्य सामन्यात कोलंबियाच्या तीन पेनल्टी अडवल्या.

आणि 2022 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला तो क्षण. जादा वेळ संपत आलेला, 3-3, फ्रान्सचा रँडल कोलो मुआनी एकटा समोर. मार्टिनेझ पुढे धावत आला, पण अंग टाकलं नाही. घाईने आडवा पडणारा कीपर वरचा अर्धा गोल मोकळा करतो. तो उभाच राहिला, दोन्ही हात बाजूला पसरले आणि डावा पाय लांबवला. चेंडू त्या पायाला लागून परतला. 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच गोल आपल्या अंगाने झाकायचा, तर शॉट सुटेपर्यंत तोल दोन्ही पायांवर हवा. हे शेकडो वेळा सरावात करता येतं. सामन्यात करायला मात्र आधी तशाच परिस्थितीत काही वेळा गोल खाल्लेले असावे लागतात.

टायब्रेकरमधले त्याचे डावपेच आपल्याकडे जास्त गाजले. फ्रान्सच्या चुआमेनीच्या वेळी त्याने चेंडू दूर भिरकावून दिला आणि चुआमेनीने बाहेर मारला. जुलै 2023 पासून नियमात स्पष्ट लिहिलं गेलं की कीपरने पेनल्टी मारणाऱ्याचं लक्ष गैरमार्गाने विचलित करू नये, वेळकाढूपणा करू नये, पोस्ट, बार किंवा जाळीला हात लावू नये. कोचिंग करणाऱ्यांनी तेवढा भाग मुलांना शिकवूच नये, पिवळं कार्ड मिळू शकतं. रेषेवर किंवा रेषेच्या मागे एक पाय राखून उशिरा झेपावणं शिकवा.

आता घरच्या वादाकडे. एक मत असं की आपल्या गुणी मुलांना सोळा-सतराव्या वर्षी युरोपात पाठवावं, इंग्लंडमध्ये तर नक्कीच. इथून हे मत भाबडं दिसतं. 2009 मध्ये सुनील छेत्रीशी क्वीन्स पार्क रेंजर्सने करार केला होता. भारत फिफा क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये नाही म्हणून वर्क परमिट नाकारलं गेलं. 2019 मध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव तीन महिने ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. तो क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीज समूहाचा. मालक महाराष्ट्राचे असूनही दौरा प्रशिक्षणापुरताच राहिला. ब्रेक्झिटनंतरची परवान्याची पद्धत गुणांची आहे. देशाची क्रमवारी, देशाकडून खेळलेल्या सामन्यांचं प्रमाण, आधीच्या लीगचा दर्जा आणि तिथे खेळलेली मिनिटं मोजून 15 गुण व्हावे लागतात. पहिल्या दहातल्या देशाचा नियमित खेळाडू आपोआप पात्र ठरतो. 50 च्या पुढच्या देशाला राष्ट्रीय सामन्यांचे जवळपास काहीच गुण नाहीत, आणि जुलै 2025 मध्ये भारत 133व्या क्रमांकावर होता. अपवादात्मक खेळाडूंसाठी क्लबांना मोजक्या जागा मिळतात, पण त्या ब्राझील, इक्वेडोर, आफ्रिकेतल्या मुलांवर खर्च होतात. गुरप्रीतसिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला, युरोपा लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला. त्याने जे केलं ते मोठंच आहे. पण त्यावर देशाची योजना बांधता येत नाही.

दुसरा वाद आयएसएलमधल्या, म्हणजे देशातल्या सर्वोच्च इंडियन सुपर लीगमधल्या, परदेशी खेळाडूंच्या संख्येचा. स्ट्रायकरच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. कीपरच्या बाबतीत नाही. परदेशी जागा क्लब बहुतेक पुढच्या आणि मधल्या फळीवर घालवतात, त्यामुळे गोलमध्ये भारतीयच दिसतो. विशाल कैथ बघा. शिलाँग लाजाँगकडून तरुणपणीच आय-लीग खेळला, मग पुणे सिटीकडून, आणि मोहन बागानकडून दोनदा गोल्डन ग्लव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार, मिळवला. परदेशी कोटा कमी केल्याने असा कीपर तयार होत नाही, त्यासाठी आय-लीगसारखी दुसरी पायरी शाबूत लागते.

आणि तीच खचते आहे. इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत 92 क्लब, म्हणजे दर आठवड्याला 92 कीपरच्या जागा. प्रीमियर लीगखालच्या तिन्ही विभागांत मोसमाला 46 सामने. भारतात 2024-25 मध्ये आयएसएलचे 13 आणि आय-लीगचे 12 क्लब, एकूण 25 जागा. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार रखडला, जुलै 2025 मध्ये आयएसएल स्थगित झाली, आणि जानेवारी 2026 मध्ये क्रीडामंत्र्यांनी 14 फेब्रुवारीपासून 14 संघांची, 91 सामन्यांची एकेरी लीग जाहीर केली. म्हणजे एका संघाला तेरा सामने. पहिल्या कीपरलाच तेरा, तर एकोणीस वर्षांच्या तिसऱ्या कीपरला काय मिळणार? या बातमीवर घरी मालक, हक्क, कोर्ट यांची चर्चा झाली. एक पिढी सामन्यांविना जाते आहे हे फार थोड्यांनी म्हटलं.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं बहुतेक स्वस्त आहे. आयएसएल क्लबने 22 वर्षांखालचा कीपर लोनवर देताना करारात किमान सामन्यांची अट घालावी, अट मोडली तर जानेवारीत परत बोलवावं. गेटाफेचा प्रकार त्याने टळतो. ड्युरंड कप आणि सुपर कपमध्ये दुसरा कीपर खेळवायचं मोसमाआधीच जाहीर करावं, म्हणजे पाच गोल खाल्ल्यावर प्रशिक्षकाचा हात थरथरणार नाही. तातडीच्या लोनचा नियम आय-लीगमध्ये आणावा. आणि राज्य लीगांना कमी लेखणं थांबवावं. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारताचा कर्णधार-कीपर गोव्याच्या मैदानांवरच घडला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार या स्थानिक तालीम संघांच्या सामन्याला जो दबाव असतो, तो कुठल्याही अकादमीच्या सराव सामन्यात नसतो. एखाद्या आयएसएल क्लबने आपला तिसरा कीपर तिथे तीन महिने पाठवला तर त्याला क्रॉस, धक्के आणि शिव्या तिन्ही मिळतील. अडचण नोंदणीची येईल, कारण एका मोसमात खेळाडूची नोंदणी आणि खेळणं किती क्लबांसाठी होऊ शकतं यावर मर्यादा असते. राज्य संघटनेने हा प्रश्न महासंघाकडे लेखी मांडायला हवा, आणि तो मोसम सुरू होण्याआधी मांडायला हवा, नोंदणीची खिडकी बंद झाल्यावर त्याचा उपयोग नाही.