मेमरी वाचवा, बिल मात्र जपा

क्लाउडचं, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, बिल फुगलं की ते उघडून बघत बसू नका. कुठल्या ओळीला किती पैसे गेले ही उठाठेव फायनान्सवाल्यांची. तुम्ही थेट मेमरीच्या मागे लागा.

समजा, तुमची सर्व्हिस १३ जीबी मेमरी खाते आणि १६ जीबीच्या मशीनवर चालते. दोन महिने कॅशे (हाताशी साठवून ठेवलेला डेटा) छाटा, एकेक ऑब्जेक्ट मोजा, जमल्यास सगळं रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत पुन्हा लिहून काढा. १३ चे ९ झाले की टीममध्ये पेढे वाटा. बिल जागचं हलणार नाही, कारण एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) एम५ या मशीनच्या मालिकेत १६ च्या खाली थेट ८ जीबीचीच मशीन आहे. मेसचा डबा अर्धा परत पाठवला म्हणून मेसवाल्या काकू पैसे कमी करतात का?

एक धोका मात्र टाळा. आर५ लार्ज या दुसऱ्या मालिकेतल्या मशीनमध्येही १६ जीबीच मिळते. सीपीयू एम५ एक्सलार्जच्या, म्हणजे तुमच्या १६ जीबीच्या मशीनच्या, निम्मे, भाडं साधारण एक तृतीयांश कमी. सीपीयू तसेही रिकामे बसत असतील, तर मशीन बंद करायची, प्रकार बदलायचा, पुन्हा चालू करायची. पण असल्या दहा मिनिटांच्या कामावर अप्रेझलमध्ये काय लिहिणार?

कुबरनेटीस, म्हणजे अनेक मशीनवर प्रोग्रॅम वाटून चालवणारी यंत्रणा, असेल तर सोन्याहून पिवळं. पॉडने (तिथे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका प्रतीने) मेमरी किती वापरली याच्याशी मशीन वाटून देणाऱ्या शेड्यूलरला देणंघेणं नसतं. तो रिक्वेस्टचा, म्हणजे आधीच मागून ठेवलेल्या मेमरीचा, आकडा बघून जागा अडवतो. तो आकडा नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी अंदाजाने टाकलेला असतो. त्याला हात लावू नका, आठवण म्हणून राहू द्या.

एडब्ल्यूएसच्या लॅम्डामध्ये, जिथे मशीन न सांभाळता नुसता कोड चालवता येतो, दिलेली मेमरी आणि वेळ यांच्या गुणाकारावर पैसे लागतात, तेव्हा तिथे बिनधास्त १०२४ एमबीचे २५६ करा. मेमरीच्या प्रमाणातच सीपीयू मिळतो, त्यामुळे गणिती काम चौपट वेळ घेईल. खर्च जवळपास तोच, ग्राहक तेवढा ताटकळेल.

हां, एकाच सर्व्हिसच्या शेकडो प्रती चालवत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक प्रत बारीक झाली की एका मशीनवर जास्त मावतात आणि मशीन खरोखरच कमी लागतात. पण तुमच्या दोनच प्रती आहेत, त्यातली एक 'असू दे' म्हणून ठेवलेली.

आणि ते टेस्टिंगचे सर्व्हर आठवड्याचे १६८ तास चालू राहू द्या. ऑफिस जेमतेम ५० तास असतं हे खरं. पण शुक्रवारी बंद केले, तर सोमवारी सकाळी चालू कुणी करायचे?