रिबाउंड घेणार कोण?

'उंच खेळाडू नसतील तर सतत फास्ट ब्रेकच खेळा', म्हणजे चेंडू हाती येताच समोरचे सावरायच्या आत धावत जाऊन बास्केट करा, हे तुमच्या बास्केटबॉलवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही, सर. एप्रिल-मेमध्ये भुसावळला उघड्या सिमेंटच्या कोर्टवर पोरांना खेळवून बघा. पारा ४५ च्या आसपास, संध्याकाळी सहालाही कोर्ट तापलेलंच. दुसऱ्या क्वार्टरलाच पोरं कंबरेवर हात ठेवून उभी. शिवाय फास्ट ब्रेक बहुतेकदा सुरू होतो तो बचावातल्या रिबाउंडवरून, म्हणजे समोरच्यांचा नेम हुकून परत उडालेला चेंडू पकडण्यावरून. उंची नाही म्हणताय, मग तो रिबाउंड घेणार कोण?

मी शाळेच्या पोरांना शिकवतो, त्यातली बरीचशी खो-खोतून आलेली. पाचही जणांना तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरवतो. पास दिला की बास्केटकडे कट मारायचा, म्हणजे झपकन आत धावायचं, रिकामी झालेली जागा शेजारच्याने भरायची, बस्स. आत कोणी थांबतच नाही म्हटल्यावर समोरच्यांच्या रिंगजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरलाही बाहेर यावं लागतं आणि रिंगखालचा रस्ता मोकळा होतो. खो-खोची पोरं तर अशी हुलकावणी देऊन सुटतात की बघत राहावं! नेम मात्र कच्चा. त्या रेषेवरून, म्हणजे ६.७५ मीटरवरून, चेंडू रिंगलाही लागत नाही, हे ओळखलं की बचाववाले आत सरकतात आणि सगळी मेहनत पाण्यात. आणखी एक, २४ सेकंदांच्या शॉट क्लॉकबद्दल (तेवढ्या वेळात बास्केटवर चेंडू मारावाच लागतो) लेखात चकार शब्द नाही. आमच्याकडच्या स्थानिक सामन्यांत बहुतेकदा ते घड्याळच नसतं, त्यामुळे पोरं निवांत पास करत बसतात आणि मोठ्या स्पर्धेत गेली की गडबडतात. सध्या तरी सरावाला मीच बाहेरून ओरडून सेकंद मोजतो.