दहाच टक्के तर आहे, मावशी

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी सरळ पुढे सरका, खाली कुणाच्या तरी मांजराचा व्हिडिओ असेलच.

भाच्याला स्कूटर घ्यायची आहे. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कॉलेज गावाबाहेर, पुण्यात पीएमपीच्या बसची वाट बघण्यात अर्धा जन्म जातो, सगळं मान्य. ताई नाशिकला, म्हणून शोरूममध्ये त्याच्याबरोबर मी. तिथे टाय लावलेला एक पोरगा आला, भाच्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. एसी वाढवला, पाणी आणलं, आणि एका दमात म्हणाला, "60,000 चं फायनान्स, 24 महिने, फ्लॅट 10 टक्के, हप्ता फक्त 3,000, मॅडम."

भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "दहाच टक्के तर आहे, मावशी."

या मुलाला दहावीला गणितात 94 होते. पेढे मीही खाल्लेत.

ज्यांना यात काय चुकलं ते कळलं नाही, त्यांच्यासाठी. 60,000 चं वर्षाचं 10 टक्क्यांनी व्याज 6,000, दोन वर्षांचं 12,000. एकूण 72,000, भागिले 24, हप्ता 3,000. गणित अगदी बरोबर, पेपरात पैकीच्या पैकी. पण अहो, ते 60,000 दोन वर्षं माझ्याकडे राहतात कुठे? पहिल्या हप्त्यापासून मी मुद्दल परत करतेय. शेवटच्या महिन्यात माझ्याकडे त्यांचे जेमतेम अडीच हजार उरलेले असतात आणि व्याज मात्र अजून साठ हजारांवर चालू! खरा दर काढला तर तो 18 टक्क्यांच्या वर जातो. 18! आणि बोर्डावर भलामोठा 10.

मला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आईने शिकवलं. आई सातवी शिकलेली.

1987 सालची गोष्ट. आम्ही शुक्रवार पेठेत वाड्यात राहायचो, दोन खोल्या आणि एक पडवी. आई विद्यार्थ्यांचे डबे करायची. डबे वाढले, मोठी शेगडी, पराती, पातेली घ्यायची होती. 5,000 रुपये हवे होते. पेठेत व्याजाने पैसे देणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा म्हणाले, शेकडा 2, दहा महिने. म्हणजे शेकडा 20, हजार रुपये व्याज. दहा हप्ते, सहाशेचा एक. वहिनी, तुमच्यासाठी म्हणून दोन, बाहेर तीन चालतंय.

आई म्हणाली, उद्या सांगते. रात्री भांडी घासून झाल्यावर तिने दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर उतरवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. पहिल्या महिन्यात माझ्याकडे पाच हजार. दुसऱ्यात साडेचार. तिसऱ्यात चार. असं करत दहाव्या महिन्यात पाचशे. मग सगळ्यांची बेरीज. दहापासून एकपर्यंत, पंचावन्न. पंचावन्न वेळा पाचशे, म्हणजे 27,500. त्यावर शेकडा दोन, साडेपाचशे रुपये.

व्याज साडेपाचशे होतं आणि अण्णा हजार मागत होते.

तिला कुणी अंकगणिती श्रेढी शिकवली नव्हती. क्ष मानायचाही प्रश्न आला नाही. तिने फक्त एक गोष्ट विचारली, पैसे कुणाकडे आहेत आणि किती दिवस. बस्स.

आज शोरूममध्ये त्यांच्याच ब्रोशरच्या पाठीवर मी तेच केलं. 60,000, मग 57,500, मग 55,000, अशा चोवीस पायऱ्या. चोवीसपासून एकपर्यंतची बेरीज, म्हणजे 24 गुणिले 25 भागिले 2, तीनशे. तीनशे वेळा अडीच हजार म्हणजे साडेसात लाख. त्यावर एका महिन्यासाठी 12,000 व्याज, म्हणजे महिन्याला शेकडा 1.6, वर्षाला 19.2. हा ढोबळ हिशेब झाला, कारण बँकेच्या रीतीत सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी जातं. तसं नीट मोजलं की 18.2 च्या आसपास येतं. पण दहा तर कुठल्याच रीतीने येत नाही.

तो पोरगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये असंच येतं."

सिस्टीममध्ये! हा शब्द ऐकला की माझं बीपी वाढतं.

मी म्हटलं, केएफएस आणा, म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट, कर्जाची सगळी माहिती एकत्र देणारा कागद. तो म्हणाला, ते सही करताना मिळेल. मी म्हटलं, सही करायच्या आधी दाखवायचा असतो म्हणूनच तो कागद आहे. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना तो सक्तीचा केलाय, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, छापावाच लागतो. वीस मिनिटांनी कागद आला. 1,500 फाइल चार्जेस आधीच कापणार होते, ते धरून एपीआर किती? 20.8. पावणेएकवीसच्याही वर, वाचा परत.

तर हो, नियम आहे, कागद आहे, कागदावर खरं लिहिलेलं आहे, सरकारला आणि रिझर्व्ह बँकेला उगाच शिव्या देण्यात अर्थ नाही. पण 94 मार्कांच्या मुलाला तो कागद मागावासा वाटला नाही, मिळाल्यावर वाचावासा वाटला नाही, आणि 10 चे 20.8 कसे झाले असा प्रश्नही पडला नाही. त्याचं काय करायचं?

परत येताना गरवारे कॉलेजला मेट्रोत बसलो. तो बिचारा गप्प. मी विचारलं, सरळव्याजाचं सूत्र सांग. धडाधड म्हणून दाखवलं, इंग्रजीत, सेमीवाला आहे ना. आमच्या वेळी मुद्दल गुणिले दर गुणिले काळ भागिले 100 असायचं, आणि दराच्या पुढे 'द.सा.द.शे.'. आम्ही ते 'दसादशे' असं एका श्वासात म्हणायचो, मला कित्येक वर्षं ते एखाद्या गावाचं नाव वाटायचं. दर साल दर शेकडा. एवढ्या चार शब्दांत सगळं आहे, वर्ष आलं, शंभर आले, पण ते उलगडून कुणी सांगेल तर शपथ. तर मी त्याला विचारलं, या सूत्रात मुद्दल परत कधी करतात? तो म्हणाला, "म्हणजे? ते तर गणितात दिलेलं नसतं."

दिलेलं नसतं! तेच तर आहे सगळं. सूत्र गृहीत धरतं की मुद्दल शेवटपर्यंत हलत नाही, मुदत संपली की एकरकमी परत. आणि हे गृहीत धरलंय हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आता इथे मला स्वतःबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर ही पोस्ट खोटी होईल. गेली 22 वर्षं मी कोथरूडमध्ये घरी शिकवण्या घेते, आठवी ते दहावी. तुमच्यातल्या निम्म्यांची मुलं माझ्याकडे होती. भाचासुद्धा. आणि मी काय शिकवलं? 'सूट' दिसली की वजा. 'नफा' दिसला की अधिक. 'पूर्वीपेक्षा' दिसलं की जुन्या वेळचा क्ष. गणित पूर्ण वाचू नका, वेळ जातो, आकड्यांखाली रेघ मारा आणि प्रकार ओळखा. प्रकार ओळखा, हे माझं वाक्य आहे. वह्यांवर लाल शाईत लिहायचे.

पालकांना तेच हवं असतं, हेही खरं. आणि मार्कही मिळतात, ते नाकारून कसं चालेल. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीत पुस्तक तयार होतं आणि अप्पा बळवंत चौकात पोचेपर्यंत त्याचं गाइड झालेलं असतं. नववी-दहावीच्या पुस्तकात आता अर्थनियोजन नावाचा धडा आहे, जीएसटी, शेअर्स, एसआयपी, सगळं आहे. धडा चांगला आहे. आम्ही त्याचेही प्रकार पाडलेत.

परवाचीच गंमत. एका पोरीला नेहमीचं गणित दिलं. दोन वस्तू प्रत्येकी 990 ला विकल्या, एकीवर शेकडा 10 नफा, दुसरीवर शेकडा 10 तोटा, एकूण काय झालं? म्हणाली, काहीच नाही, फिटंफाट. अगं, दहा टक्के कशाचे? पहिली 900 ला घेतली होती, दुसरी 1,100 ला. 2,000 घालून 1,980 आले, वीस रुपये गेले. लक्ष्मी रस्त्यावर '50 टक्के अधिक 20 टक्के सूट' वाचून 70 टक्के समजणारे आपण सगळे तिचेच भाऊबंद. हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे. साठ टक्केच होतात हो.

कशाचे टक्के. हेही आईचंच. डब्याचा खर्च तेव्हा महिन्याला 80 पडायचा, ती 100 घ्यायची, आणि म्हणायची शंभरातले वीस माझे. मी तिला सुधारलं होतं, आई, शेकडा 25 नफा म्हणतात, नफा खरेदीवर काढतात. ती म्हणाली, "असेल. पण गल्ल्यात शंभराची नोट येते, ऐंशीची येत नाही." मला तेव्हा वाटलं होतं हिला गणित येत नाही.

आणि म्हणून अण्णांच्या गोष्टीतला जो भाग मी कुणाला सांगत नाही, तो आज सांगते. आईने कॅलेंडर उतरवलं त्याच्या आधी, संध्याकाळी, तिने मला विचारलं होतं. मी सातवीत, वर्गात दुसरी. मी वही काढली, सूत्र लिहिलं, 5,000 गुणिले 2 गुणिले 10 भागिले 100, बरोबर 1,000, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हटलं, अण्णांचं बरोबर आहे. तिने वहीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तुझ्या पुस्तकातला माणूस शेवटी एकदम फेडतो. मी दर महिन्याला फेडणार आहे." आणि उठून भांडी घासायला गेली.

म्हणजे आज त्या खुर्चीत भाच्याच्या जागी मीच बसले होते. सव्वीस मिनिटं त्याच्यावर वैतागले मेट्रो स्टेशनपर्यंत, आणि आयडियल कॉलनीला उतरताना हे आठवलं. त्याला रागावले याचं वाईट वाटतंय. संध्याकाळी उपमा करून दिला, त्याने तीनदा घेतला, म्हणजे मिटलं असावं.

कुणीतरी खाली लिहिणारच, की व्याजाने पैसे घेतले तर व्याज द्यावं लागतं, जगभर हेच चालतं. चालतं ना! भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत विचारलंय, महिन्याला शेकडा पाच व्याज असेल आणि वर्षाने मुद्दल-व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती, व्याज किती. शंभर धरा, वर्षाचे साठ, 160 झाले. म्हणून हजारात मुद्दल 625 आणि व्याज 375. शेकडा पाच, महिन्याला! आपला फायनान्सवाला त्या मानाने संतच. पण निदान त्या गणितात दर उघड सांगितलाय, महिन्याचा आहे हे सांगितलंय, आणि पैसे वर्षभर ऋणकोकडेच आहेत. तिथे दडवलेलं काही नाही.

त्या टायवाल्या पोराबद्दलही थोडं. त्याला टार्गेट असणार, पगार त्यावरच असणार. निघताना मी ब्रोशरची पाठ त्याला परत दिली तर तो हळूच म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही कसं काढलं, एकदा दाखवता? माझंही बाइकचं लोन आहे." मी दाखवलं. त्याने फोटो काढला. त्याचा स्वतःचा दर किती निघाला ते मी विचारलं नाही.

अण्णांचं काय झालं, तर आई दुसऱ्या दिवशी कॅलेंडर घेऊनच गेली. अण्णा म्हणाले, वहिनी, व्याज मोजताय की माझे श्वास? बरीच घासाघीस होऊन 700 वर तुटलं. आईला शेवटपर्यंत ते दीडशे रुपये लागून राहिले होते. शेगडी मात्र माझ्या लग्नापर्यंत चालली.

आता कामाचं. टू-व्हीलरसाठी सरकारी बँकेत किंवा सहकारी बँकेत कर्ज घेतलेलं कुणी असेल तर इनबॉक्स करा. कर्ज ताईच्या नावावर, ती पगारदार, कागदपत्रं तयार. रिड्यूसिंग दर हवा, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज, फाइल चार्जेस किती तेही लिहा. 'शून्य टक्के'वाल्या लिंका कृपया पाठवू नका, मी ब्लॉक करेन.