‘अभिषिक्ताला हात लावू नका’ या मेसेजला उत्तर

ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: प्रार्थनेने रोग बरे करणाऱ्या सेवकाला (प्रचारकाला) तपासू नका, अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडलेल्याला, हात लावणे पाप आहे. हजारोंच्या डोळ्यांदेखत लोक व्हीलचेअरवरून उठतात, आणखी पुरावा कशाला? जो बरा होत नाही त्याचा विश्वास कमी. आणि प्रार्थनेनंतर गोळ्या घेणे म्हणजे देवावर संशय.

देव बरे करत नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण मेसेजमधले चारही मुद्दे पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, टिकत नाहीत.

‘अभिषिक्त’वाले वचन स्तोत्र १०५ मधले. तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा आहे. परक्या राजांनी त्यांना इजा करू नये, एवढाच. दाविदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही, पण त्याचा अन्याय त्याच्या तोंडावर सांगितला (१ शमुवेल २४). पौलाने तर अंत्युखियात खुद्द प्रेषित पेत्राला सर्वांदेखत दोष दिला. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १३ वा अध्याय आणखी पुढे जातो: चिन्ह खरे ठरले तरी सांगणारा चुकीच्या वाटेने नेत असेल, तर त्याचे ऐकू नका.

आता व्हीलचेअर. सभेच्या दाराशी स्वयंसेवक काठी टेकत आलेल्या आजीला खुर्ची देतात, पुढच्या रांगेत नेतात. ती चालत आलेली असते, म्हणून चालत उठते. मागे बसलेल्यांना ते दिसलेले नसते. खरोखर पांगळे झालेले, स्वतःच्या खुर्चीतून आलेले लोक बहुधा कडेलाच राहतात. स्टेजवर कोणाला पाठवायचे हे खाली आधीच ठरते: ‘बरे वाटते का?’ या प्रश्नाला हो म्हणणाराच वर जातो. आखूड पाय लांब करण्याचा प्रकार तर कंबर किंचित तिरकी करून आणि एक बूट टाचेपासून थोडा ओढून कोणालाही जमतो. बहिऱ्याच्या मागे उभे राहून टाळी वाजवली की उरलेल्या श्रवणशक्तीवरही तो वळून पाहतो.

अमेरिकेत पीटर पॉपॉफ हा रोगमुक्तीच्या सभा घेणारा प्रचारक अनोळखी लोकांची नावे, पत्ते, आजार ‘आत्म्याने’ सांगत असे. १९८६ साली जेम्स रँडी हा भोंदूगिरी उघड करणारा जादूगार आणि त्याच्या साथीदारांनी रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफच्या बायकोचा आवाज सापडला. लोकांनी प्रार्थनेच्या कार्डांवर लिहिलेली माहिती ती त्याच्या कानातल्या यंत्रात वाचून दाखवत होती. टीव्हीवर ते जाहीर झाले, पुढल्या वर्षी त्याने दिवाळखोरी पत्करली. नंतर तोच गृहस्थ चमत्काराच्या पाण्याच्या पुड्या घेऊन टीव्हीवर परत आला, आणि लोकांनी त्या मागवल्यासुद्धा!

प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही नाही. सभेच्या भरात वेदना खरोखर काही काळ जाणवत नाही. सत्तरच्या दशकात विल्यम नोलन या सर्जनने कॅथरिन कूलमन या प्रचारिकेच्या अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या सभेत ‘बरे झालेल्या’ रुग्णांचा पाठपुरावा केला. मणक्याचा कॅन्सर असलेल्या एका बाईने पट्टा फेकून स्टेजवर धाव घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिचा मणका खचला आणि चार महिन्यांनी ती वारली. कॅमेऱ्यात फक्त धावणेच आले असते.

‘विश्वास कमी’ हा मुद्दा सर्वांत क्रूर. येशूने बरे केलेल्या बेथेस्दाच्या तळ्याकाठच्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण हेसुद्धा ठाऊक नव्हते. नाईन गावच्या विधवेच्या ज्या मुलाला येशूने उठवले तो तर मेलेला होता, त्याच्याकडे कुठला विश्वास मागणार? उलट पौलाने आपला साथी त्रफिम याला मिलेत शहरात आजारीच ठेवले आणि आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. या दोघांना कोणी अविश्वासी म्हटलेले नाही.

गोळ्या-औषधे मात्र एक दिवसही बंद करू नयेत. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बंद केले की एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. फिटची गोळी अचानक तोडली तर न थांबणारी फिट येऊ शकते. टीबीचा कोर्स अर्धवट सोडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. एचआयव्हीची औषधे थांबवली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो, अंगाला मात्र महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. तेवढ्या काळात ‘मी बरा झालो’ ही साक्ष रेकॉर्ड होऊन फिरलेली असते.

तपासायचे कसे, तेही शास्त्रातच आहे. येशूने शुद्ध केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे धाडले, आणि लेवीय १४ प्रमाणे याजक त्याला एकदा पाहून सोडत नसे. शुद्ध झालेला माणूस सात दिवस आपल्या तंबूबाहेर राही, मगच पुढचे विधी होत. आजच्या साक्षीसाठी प्रार्थनेआधीचा आणि नंतरचा असे दोन रिपोर्ट मागा, दोन्ही एकाच तपासणीचे. शुगर असेल तर तीन महिन्यांनंतरचे एचबीएवनसी (साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी), बहिरेपणासाठी ऑडिओग्राम, कॅन्सरला बायोप्सी, स्कॅन आणि काही वर्षांचा पाठपुरावा. मध्ये औषध, केमो किंवा ऑपरेशन झाले होते का, हेही विचारा. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी डॉक्टरांची कचेरी १८८३ पासून अशीच छाननी करते. २०१८ पर्यंत हजारो दाव्यांतून चर्चने चमत्कार मानले फक्त ७०.

आणि रिपोर्ट मागितल्यावर सेवक चिडला, किंवा आधी ‘बीज’ म्हणून पैसे पेरायला सांगू लागला, तर २ राजे ५ मधला गेहजी, म्हणजे अलीशा संदेष्ट्याचा चाकर, त्याला वाचून दाखवा. अरामी सेनापती नामानाला कोडातून बरे केल्यावर अलीशाने काहीच घेतले नव्हते. मागे धावत जाऊन चांदी आणि कपडे आणले ते गेहजीने, आणि नामानाचे कोड त्यालाच लागले.